साडेबावीस ते चोवीस

सकाळपासून येसूबाईचा बत्ता सापडत नव्हता.

वर्षाचं तिखट करायचा दिवस होता. मिरची कालच दहिवडीच्या डंकावरून कांडून आणलेली, भाजलेलं कांदा-खोबरं परातीत गार होत होतं, आणि बनुबाई खास या कामासाठी हळद घेऊन सांगलीहून माहेरी आली होती. राहिला होता लसूण. डंकावर लसणाला मशीनच्या तेलाचा वास लागतो, असं येसूबाईचं ठाम मत होतं. त्यामुळं धनाजी कोयनानगरची नोकरी संपवून गावी आला त्या वर्षापासून या घरात लसूण दगडी उखळात, त्याच एका काळ्या बत्त्यानं कुटला जात होता.

“शेवटचा कुठं ठिवला हुतास, आये?” बनुबाईनं विचारलं.

“चुलीम्हागं. कायम चुलीम्हागंच असतोय त्यो.”

“मग चुलीनं गिळला असंल.”

“काढ दात. लसूण आता तुझ्या दातानं वाटते.”

“माझ्या कशाला? तुझ्या वाट की. आगं व्हय, तुला ऱ्हायल्यात कुठं?”

येसूबाईला हसू आलं, पण बत्ता सापडेपर्यंत हसायचं नाही असं तिनं ठरवलेलं दिसत होतं. तिनं फडताळ पुन्हा पाहिलं, पिठाच्या डब्यामागं पाहिलं, न्हाणीतही पाहून आली.

“मिक्सरला लाव,” बनुबाई म्हणाली.

“मिक्सरचं तिखट तू तुझ्या सांगलीत खा.” येसूबाईनं दारातून अंगणात हाक मारली, “आवं, बत्ता बघितला का?”

लिंबाखालच्या बाजेवर धनाजी कुशीवर वळून झोपला होता, किंवा तसं दिसत होतं. एरवी तिखटाच्या दिवशी तो उखळापासून हलायचा नाही. धने जास्त झाले, मीठ कमी पडलं, असं त्याचं चालू असायचं. आज त्याला दहा वाजताच झोप लागली होती. येसूबाईला ते जरा चमत्कारिक वाटलं. पण लसूण अजून अर्धा सोलायचा होता, तेव्हा ती सूप घेऊन खाली बसली.

*

पडवीत चार पेट्या होत्या.

मार्चमधल्या वावटळीत साइटवरची पत्र्याची शेड उडाली. तेव्हा ठेकेदाराच्या सुपरवायझरला, पप्पूला, पेट्या ठेवायला गावात जागा हवी होती, आणि ड्रिल मशीन चालवणाऱ्या राजरत्नाच्याच घरची पडवी त्याला सोयीची वाटली. उपसा सिंचनाचं पाणी नेणारा बोगदा डोंगराखालून जाणार होता. त्याच्या आधी जमिनीत काय आहे ते पाहायला जागोजाग भोकं पाडायची होती. पोकळ नळी फिरवत खाली नेली की तिच्यात दगडाचा गोल दांडा अडकून वर येतो. तो कोअर. दीड मीटर खोदायचं, नळी काढायची, आलेले तुकडे क्रमानं पेटीच्या एका ओळीत मांडायचे. ओळही दीड मीटरची, पाच ओळींची एक पेटी. तिसरं भोक तीस मीटर खोल होतं, म्हणून चार पेट्या.

धनाजीनं एकतीस वर्षं अशा पेट्या मांडल्या होत्या. त्याचा धाकटा मुलगा राजरत्न अशी भोकं पाडत होता. आत काय आलं आहे ते लिहून कागदाच्या खाली सही करणारी या घरातली पहिली म्हणजे थोरल्याची मुलगी, प्रियंका.

भूविज्ञानात एम.एस्सी. होऊन तिला दहा महिने झाले होते. केंद्र सरकारच्या भूवैज्ञानिक पदाच्या परीक्षेत मागच्या वर्षी मुलाखतीची यादी सहा गुणांनी हुकली. यंदा फेब्रुवारीची पहिली फेरी पार पडली होती, मुख्य परीक्षा जूनमध्ये होती. पडवीत पेट्यांच्या शेजारी तिची पुस्तकं होती आणि भिंतीवर, बाबासाहेबांच्या तसबिरीखाली, तिचं वेळापत्रक चिकटवलेलं होतं. आईवडील मुंबईला, ती इकडं आजीआजोबांकडं राहत होती, कारण सांगलीच्या अफताब मुजावर सरांनी तिला तीन महिने उमेदवारीवर घेऊन या साइटवर नेमलं होतं. “पुस्तकातला बेसॉल्ट सगळ्यांना येतो,” पहिल्याच दिवशी ते म्हणाले होते. “मला पेटीतला ओळखणारं माणूस हवंय.” पहिल्या दोन भोकांच्या नोंदी तिनं लिहिल्या आणि सही सरांनी केली. तिसऱ्याचा लॉग, म्हणजे त्या नोंदींचा कागद, संपूर्ण तिचा, सहीही तिचीच. तो उद्या, सोमवारी अकरा वाजता सांगलीत सरांच्या टेबलावर हवा होता. तो पाहून ते तिला कायम करायचं की नाही ते ठरवणार होते.

सरांचा एक नियम होता: सही करणाऱ्यानं प्रत्येक तुकडा स्वतःच्या हातानं उचललेला असला पाहिजे. तीन पेट्यांचे तुकडे तिनं उचलले होते. चौथी राहिली होती.

“नाना, ही तेवढी उन्हात घेऊ या.”

राजरत्न जेवणाची वाट बघत उंबऱ्यावर बसला होता. बायको मुलांना घेऊन माहेरी गेलेली, आणि आठवड्यातला हा एकच सुट्टीचा दिवस. त्यानं एक बाजू धरली, प्रियंकानं दुसरी. पेटी उचलताच आत खड् करून काहीतरी सरकलं.

“दमानं,” राजरत्न म्हणाला.

नीट भरलेली पेटी खडखडत नाही. हे तिला धनाजीनं शिकवलं होतं, ती सातवीत असताना, फुटक्या कौलांचे तुकडे ओळीनं लावायला देऊन. पण रस्ता खराब आहे, पिकअपमध्ये आदळली असेल, असं तिला वाटलं. तिनं पेटी ठेवली आणि तांब्यातलं पाणी पहिल्या ओळीवर सोडलं. कोरडा दगड सगळा करडाच दिसतो. ओला केला की कण, भेगा, भरलेली छिद्रं उठून दिसतात. ओळीच्या कडेला राजरत्नाच्या अक्षरात लिहिलेलं होतं, २२.५० ते २४.००. त्याच्या डायरीतही तेच: खोदलं १.५०, आलं १.५०.

ती दुसऱ्या ओळीकडं वळणार तेवढ्यात तिला लसणाचा वास आला.

तिनं घरात पाहिलं. आजी सूप पुढ्यात घेऊन पाकळ्या सोलत होती; कुटलेला लसूण घरात कुठंच नव्हता. प्रियंका पेटीवर वाकली आणि ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत वास घेत गेली.

“कॉलेजात दगड हुंगायला शिकिवत्यात व्हय?” राजरत्नानं विचारलं.

“चाटायलापण शिकिवत्यात,” ती म्हणाली, आणि ओळीच्या मध्यापलीकडचा एक तुकडा तिनं उचलला.

जाडी बाकीच्यांइतकीच. पण बाकीच्या तुकड्यांची टोकं ताजी मोडलेली, खरबरीत होती. याचं एक टोक गोलसर आणि काचेसारखं गुळगुळीत होतं. अंगावर एकही छिद्र नाही, नुसता घट्ट काळा दगड. तिनं भिंग लावून शेजारचे दोन तुकडे पाहिले. वरच्या तुकड्याच्या खालच्या टोकाला पांढऱ्या खनिजानं भरलेल्या बारीक उभ्या नळ्या होत्या. खालच्याच्या माथ्याला चाळणीसारखी छिद्रं. आणि दोघांच्याही तोंडाला, जिथं ते या काळ्या तुकड्याला टेकत होते तिथं, ओला लाल रंग होता, गेरूसारखा. काळ्याला लाल अजिबात नव्हता.

“नाना, ह्यो तुकडा कुठल्या खोलीचा?”

“जिथं हाय तिथला. फोटो काढ, मग जेवू. भूक लागलीया.”

त्यानं हे तिच्याकडं न बघता म्हटलं. प्रियंकानं तुकड्यावर पट्टी ठेवली. एकोणतीस सेंटिमीटर. मग ओळीतली रिकामी जागा मोजली. तीस.

“आज्जी,” तिनं हाक मारली, “तुझा बत्ता सापडला.”

*

येसूबाईनं तो हातात घेतला, फिरवला आणि एका कडेवर बोट ठेवलं. “ह्योच. ह्यो टवका बनूच्या लग्नात पडला हुता.” मग तिनं पेटीकडं पाहिलं. “हितं कसा आला?”

बनुबाई हातातला लसणाचा गड्डा तसाच घेऊन पडवीच्या दारात आली.

“मी ठिवला,” राजरत्न म्हणाला.

“तू? एवढ्या घरात तुला माझाच बत्ता गावला?”

“काय करू मग? शुक्रवारी फूटभर दगड आलाच न्हाई. नळी वर काढली तर आत सव्वा मीटर पण न्हाई. भोक माझ्या हातचं, म्हंजे चूक माझी. आता त्येच भोक ठेकेदाराला परत पाडाया लागणार. पप्पू काय म्हणंल? लोणंदला काय झालं हुतं इसरला का समदी?”

कुणीच विसरलं नव्हतं. मागच्या वर्षी लोणंदजवळ एका पुलाच्या कामावर लागोपाठ दोनदा नळी रिकामी आली, आणि त्याला भर दुपारी डबा हातात देऊन घरी पाठवलं. सात महिने त्याच्या हातात मशीन नव्हतं. दुसऱ्याचा टेम्पो चालवत होता.

“मग झालं तर,” बनुबाई म्हणाली. तिनं दारातून पुढं येऊन भावाच्या बाजूला बैठक मारली. “पिऊ, तुला काय तपासायचं ते फुडच्या भोकापास्नं तपास. ह्ये एक सोड.”

“आत्ती, खाली माझी सही हाय.”

“सहीच हाय ना? तुला कराडला कॉलेजात सोडाया कोण गेलतं? हितनं फटफटीवर, ट्रंक टाकीवर घिऊन? तवा त्यानं सही मागितली हुती का तुझ्याकडं?”

प्रियंकाला ती ट्रंक आठवत होती. पेट्रोलच्या टाकीवर आडवी बांधलेली, आणि नानाचे दोन्ही गुडघे तिच्या बाहेरून फाकलेले. कराडला उतरल्यावर त्याला पाच मिनिटं सरळ चालता येत नव्हतं. तो म्हणाला होता, घोड्यावरनं आलोय असं समज.

तिनं मनातल्या मनात ते करून पाहिलं. सर सांगलीत फक्त फोटो बघणार होते. काळ्या तुकड्यांच्या ओळीत एक काळा तुकडा. १.५० पैकी १.५०. गुळगुळीत टोक खालच्या बाजूला फिरवलं, लाल पुसलं, तर कुणाला काही कळणार नव्हतं. उद्या ती कायम होईल आणि नानाचं मशीन त्याच्याकडं राहील. हे सगळं सोपं होतं आणि त्याला दोन मिनिटं लागली असती.

“आज्जी, तू हितं बस,” ती म्हणाली. बनुबाईशी बोलण्याऐवजी तिनं दोन्ही लाल तोंडांचे तुकडे येसूबाईच्या पुढ्यात ठेवले. “ह्यो वरचा दगड म्हंजे एका लाव्ह्याचा तळ. ह्यो खालचा, त्याच्या आधीच्या लाव्ह्याचा माथा. मधी लय वरसं गेली. तवा खालच्याची माती झाली, आणि वरनं नवा लाव्हा आला तशी ती भाजून लाल झाली. भाजली तरी मातीच. दगडासारखी नळीत टिकली न्हाई, पाण्यासंगं वाहून गेली. तीस सेंटिमीटर. आणि त्या जागी आपण तुझा बत्ता ठिवला.”

“बरं.”

“बत्ता पक्का हाय. मग मी लिवणार, हितं पक्का दगड. आणि बोगद्याचं छत बरोबर ह्या खोलीला येतंय. छताला कुठं आधार द्यायचा ते ह्यो कागद बघून ठरिवत्यात.”

येसूबाईनं लाल टोकावर नख ओढलं. थोडी माती नखात आली. तिनं ती अंगठ्यानं चोळून पाहिली.

“राजा,” ती म्हणाली, “दिवाळीनंतर बोगद्याच्या कामावर जायाचं तूच म्हणत हुतास न्हवं?”

“व्हय. पप्पू घेतो म्हणालाय.”

“म्हंजे ह्येच्या खाली तूच हुबा ऱ्हाणार.”

“आये, एवढ्या लांबड्या बोगद्यात ह्यो फूटभर काय...”

“त्योच फूटभर दगड न्हाई म्हणून सांगती की पोरगी.”

बनुबाई भावापासून जराशी सरकून बसली आणि हातातला लसूण सोलू लागली. येसूबाई मात्र अजून बत्त्याकडंच बघत होती.

“कवा ठिवलास ह्यो?”

“शुक्रवारी. पेटी आणली तवाच.”

“शुक्रवारी सांजच्याला मी आमटीला लसूण ठेचला. ह्येनंच. शनवारी सकाळी चटणी केली, ती पण ह्येनंच. तू शनवारी सहाला साइटवर गेलास ते अंधार पडल्यावर आलास. रातच्याला मला बत्ता लागलाच न्हाई.” ती एकेक बोट दुमडत मोजत गेली. “पिऊ दिसभर दहिवडीला, डंकावर. बनू आज आली. घरात मी हुते, आणि...”

सगळ्यांनी अंगणातल्या बाजेकडं पाहिलं.

*

धनाजी जागाच होता.

बत्ता सापडला ही हाक त्यानं ऐकली होती, आणि राजरत्नानं ‘मी ठिवला’ म्हटलेलंही. पोरगं आपल्यासाठी खोटं बोललं हे कळल्यावर झोपेचं सोंग चालू ठेवणं त्याला जड जाऊ लागलं होतं.

कोयनेला साहेबलोक यायचे, बदलून जायचे. पेट्या मात्र धनाजीच्याच हातच्या असायच्या. जिथं कोअर आला नाही तिथं लाकडाचा ठोकळा कापून बसवायचा, त्यावर किती गेलं ते लिहायचं, टोकाला लाल रंग लावायचा. हे काम एकतीस वर्षं त्याचं होतं. निवृत्तीच्या दिवशी एका साहेबानं फेकून द्यायच्या ढिगातला एक कोअरचा तुकडा आठवण म्हणून त्याच्या हातात ठेवला. तोच येसूबाईचा बत्ता. दगडाच्या जागी दुसरा दगड ठेवायचा नसतो, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. तेच तर त्यानं नातीला शिकवलं होतं.

शनिवारी घरात येसूबाई एकटीच होती आणि ती पाणी भरत होती. काम मिनिटभराचं होतं. जाडी बरोबर जुळली. तेव्हाही याच मापाची नळी असायची. लांबीला एक सेंटिमीटर कमी पडला. पाचर मारली असती तर खडखडलं नसतं. पाचर मारायला त्याचा हात धजला नाही.

तो उठून बसला, पायात चपला अडकवल्या आणि पडवीत आला.

“बत्ता मी ठिवला,” तो म्हणाला.

“आबा, मी सांगितलंय न्हवं...” राजरत्न म्हणाला.

“तू गप. तुला खोटं बोलाया येत न्हाई. तुझ्या आयनं धा मिनिटात धरलं तुला.”

“पण तुला कळलं हुतं, राजा,” बनुबाई म्हणाली. तिचा आवाज आता वेगळा होता. “शनवारी तू पेटी बघितली असशील. रिकामी जागा भरलेली दिसली असंल.”

“दिसली.”

“मग?”

“न्हाई बघितलं नीट. डायरीत दीड लिवलं आणि जेवाया बसलो.”

“आणि तुमी, आबा? तुमी तर आमाला बांगडीचा तुकडा इकडचा तिकडं ठिवू देत न्हवता.”

धनाजी प्रियंकाकडं बघत होता, आणि तिनं काहीच विचारलं नाही म्हणून त्याला बोलावं लागलं.

“शुक्रवारी आला तवा ह्यो पेटीपाशी बसला. हात धुतलं न्हाईत. तेलाचं हात तसंच मांडीवर. आय जेवाया हाका मारती, आणि ह्यो त्या रिकाम्या जागंकडं बघत बसलाय. लोणंदहून आला तवा असाच बसला हुता. सात म्हयनं.” तो थांबला. “तुझी सही हाय, ह्ये मी इसरलो न्हवतो, पिऊ. ठावं असून ठिवला.”

प्रियंकाला राग यायला हवा होता असं तिला वाटलं. पण तिला त्याचे पाय दिसत होते. चपला उलट्या घातल्या होत्या, डावी उजव्यात.

ती राजरत्नाकडं वळली. “नाना, त्या फूटभरात मशीन कसं चाललं?”

“म्हंजे?”

“तेवीस मीटरच्या खाली गेल्यावर. काय झालं ते सांगा.”

“काय हुणार? रॉड एकदम खाली सुटला. लोण्यात सुरी गेल्यागत. मी हात आखडता घेतला, पण तवर गेला हुता. पाणी लाल आलं. मिनिट-दोन मिनिटं. मग परत करडं.”

“लाल किती? गढूळ?”

“चहात गेरू कालवल्यागत.”

“ह्ये डायरीत का न्हाई?”

“डायरीत किती खोदलं नि किती आलं, तेवढंच इचारत्यात. पाण्याचा रंग कोण इचारतंय?”

“मी इचारती,” प्रियंका म्हणाली. “दगड आला न्हाई ही तुमची चूक न्हाई, नाना. तिथं दगडच न्हवता. आणि काय हुतं ते फकस्त तुमालाच ठावं हाय. मी तिथं न्हवते, सर न्हवते. माझ्याकडं पुरावा म्हंजे तुमच्या डायरीतलं वाक्य तेवढंच, आणि तेच तुमी लिवलं न्हाई.”

राजरत्नानं खिशातून डायरी काढली.

“खोडायचं कसं? पान फाडू?”

“न्हाई. एकच आडवी रेघ मारा, जुना आकडा वाचता आला पायजे. शेजारी नवा, आणि सही.”

त्यानं १.५० वर रेघ मारली. १.२० लिहिलं. मग खाली, सावकाश, मोठ्या अक्षरात: ‘२३.४० ला रॉड सुटला. पाणी लाल, दोन मिनिटे.’ सही केल्यावर त्यानं ती नोंद वाचून पाहिली, दुसऱ्या कुणाची असल्यासारखी.

*

अफताब सरांना फोन लावताना बनुबाईनं आवाज मोठा करायला लावला. रविवार दुपार होती. पलीकडं भांड्यांचा आवाज येत होता. प्रियंकानं सगळं सांगितलं, बत्त्यासकट. बत्त्याचं सांगताना ती अडखळली, पण वगळलं नाही.

“लसणाचा वास?” सर म्हणाले.

“हो सर.”

“लाल पाणी कुणी पाहिलं?”

“ड्रिलरनं. राजरत्न... ते माझे काका आहेत, सर.”

“ते मला माहीत आहे. लॉगमध्ये त्यांचं नाव घाल. निरीक्षण त्यांचं, असं स्पष्ट लिही. शेजारी दुसरं भोक घ्यावं लागेल, दुहेरी नळी लावून, म्हणजे मऊ थर निघेल. ठेकेदार ओरडणार.”

“सर, काकांना काढतील का?”

भांड्यांचा आवाज थांबला. “ते माझ्या हातात नाही, प्रियंका. मी एवढंच सांगू शकतो की ड्रिलरची नोंद उपयोगी पडली, असं मी अहवालात लिहीन. आणि आजपासून पेट्या तुमच्या घरात ठेवायच्या नाहीत. ज्याचा कोअर त्याच्याच घरी, हे मला आधी कळलं असतं तर मी चालू दिलं नसतं. उद्या पप्पूला दुसरी जागा बघायला सांग.”

“आणि लॉग, सर?”

“लॉग अकरालाच हवाय,” ते म्हणाले आणि फोन ठेवला.

“ह्येला कायम केलं म्हणायचं का न्हाई?” बनुबाईनं विचारलं.

“काय ठावं,” प्रियंका म्हणाली.

राजरत्न फोन घेऊन अंगणात गेला. पप्पूशी बोलताना तो लिंबाभोवती तीन-चार फेऱ्या मारून आला. परत आला तेव्हा सगळ्यांनी त्याच्या तोंडाकडं पाहिलं.

“उद्या साइटवर ये म्हणतोय. मग बोलू म्हणाला.”

“चांगल्या आवाजात का वाईट?” येसूबाईनं विचारलं.

“पप्पूच्या आवाजात.”

धनाजी तोवर मागच्या छपरातून बाभळीचा एक तुकडा घेऊन आला होता. कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं चपला बदलल्या, उंबऱ्यावर बसून पायानं लाकूड दाबलं आणि करवत चालवली. रेघ थोडी तिरकी गेली. त्यानं टोक कानशीनं घासलं, पेटीत लावून बघितलं, पुन्हा घासलं. पेट्यांवर आकडे टाकायच्या डब्यातला लाल रंग त्यानं काडीनं एका टोकाला लावला.

“लिव,” त्यानं पेन प्रियंकाकडं दिलं.

“तुमी लिवा, आबा.”

“माझं अक्षर बघितलंस का आता? तू लिव.”

तिनं ठोकळ्यावर लिहिलं: कोअर आला नाही, ०.३०. त्यानं तो ओळीत, दोन लाल तोंडांच्या मध्ये, अंगठ्यानं दाबून बसवला. येसूबाईनं बत्ता राखेनं दोनदा घासला, तोंडापाशी नेऊन हुंगला, आणि तिसऱ्यांदा घासला. मग उखळात धप्प धप्प सुरू झालं. तिनं आतून ओरडून सांगितलं की आता कुणाला जेवायचं असेल तर लसूण संपेपर्यंत थांबावं लागेल, आणि ज्यांनी सकाळचा वेळ घालवला त्यांनी तर बोलूच नये.

ऊन पडवीच्या कडेवरून अंगणात सरकलं होतं. फोटोसाठी पेटी आणखी चार हात पुढं न्यायला हवी होती. राजरत्नानं एक बाजू धरली, प्रियंकानं दुसरी. दोघांनी उचलली आणि तशीच क्षणभर धरून ठेवली.

“आता काय वाजत न्हाई,” राजरत्न म्हणाला.

“न्हाई,” ती म्हणाली. पेटी खाली ठेवून तिनं तांब्या भरून आणला, ओळीवर पाणी सोडलं आणि फोटो काढला.